डावी बाजू अजून शिजायची आहे

आमच्या मलेशियातल्या इपोहमध्ये गाण्याच्या यंत्राची नवी केबल कुणी नुसती आणून जोडत नाही, ती शिजवावी लागते. म्हणजे जोडायची, गाणं लावायचं आणि दिवसरात्र वाजत ठेवायचं. घरात ऐकायला कुणी असो वा नसो. हाडांचं सूप मंद आचेवर ठेवलं असताना मधेच झाकण उचलणाऱ्याच्या हातावर आई पळी मारते, तसाच नियम इथेही आहे. शिजत असताना हात लावायचा नाही. तार हलवली, काढली, इकडची तिकडे केली की आधीचं सगळं पाण्यात. स्पीकरही असेच शिजवतात, ॲम्प्लिफायरही. तांब्याच्या नाहीतर चांदीच्या तारेला शिजवून नेमकं काय होतं, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. विचारणारा एकतर नवखा असतो, नाहीतर कुणाची तरी बायको.

चोंग वाय मेंगचं तर पोटच यावर होतं. जुन्या गावात एका कॉफीच्या दुकानाच्या माडीवर त्याचं गाण्याच्या यंत्रांचं दुकान होतं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आलं की मेंग हसून म्हणायचा, "नवीन आहे हो. शिजू द्या. तीनशे तास तरी झाकण उघडू नका." आणि खरंच, बहुतेकांची तक्रार तेवढ्यात मिटायची. तार पिकायची की माणसाचा कान सवयीने निवायचा, देव जाणे. मेंगला एकट्याला गाठून विचारलं असतं तर त्यानेही खांदेच उडवले असते. पण वर्षानुवर्षं तेच एक वाक्य बोलून बोलून ते त्याला स्वतःला खरं वाटू लागलं होतं. त्या वाक्यानेच फूंग सरांच्या डाव्या कानाचा घात केला, आणि तो कान वाचण्यासारखा होता, हे मी आधीच सांगून टाकतो.

फूंग सर चिनी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. गावातले अर्धे पन्नाशीचे पुरुष त्यांच्या हातची छडी खाऊन मोठे झालेले. निवृत्तीनंतर सरांनी संगीताचा नाद धरला आणि थोड्याच वर्षांत त्यांचा कान म्हणजे या गावचं कोर्ट होऊन बसला. कुणीही नवा स्पीकर घेतला की सरांना घरी बोलवायचा, खुर्चीत बसवायचा, आणि ते डोळे मिटून "उघडला" म्हणाले की मगच पाहुण्यांना चहा मिळायचा. "अजून बंद आहे" म्हणाले की पुन्हा शिजवणं आलं.

दर रविवारी दुपारी सरांच्या घरी मैफल भरे. तिघे ठरलेले. एक मेंग. दुसरा दातांचा डॉक्टर लाऊ. तिसरा याप, ज्याच्या कोंबडी आणि मुगाच्या मोडांच्या खाणावळीत धूर खेचणारा पंखा इतका कर्कश होता की त्याचे कान कधीचेच कामातून गेले असावेत. पण मत द्यायला तो सगळ्यांत पुढे. तिघेही सरांचे विद्यार्थी. शाळा सुटून जन्म लोटला, तरी सर बोलू लागले की तिघांच्या माना आपोआप हलायच्या. घरी तिघेही वाघ होते, इथे मात्र नंदीबैल.

त्या वर्षी सुमात्रातल्या जळत्या रानांचा धूर लवकर आला. डोंगर दिसेनासे झाले, सूर्य भरदुपारी तांब्याच्या नाण्यासारखा लटकू लागला, लोकांनी खिडक्यांना ओली फडकी लावली. वर चिनी पंचांगातला सातवा महिना, भुतांचा. त्याच्या पहिल्याच आठवड्यात मेंग सरांकडे चांदीच्या नव्या केबल घेऊन गेला. सरांच्या बायकोला आम्ही सगळे सिमो म्हणतो, गुरुपत्नीला म्हणायची आमची रीत आहे ती. तिने दारातच कपाळाला आठ्या घातल्या.

"मेंग, या महिन्यात नवी वस्तू घरात आणतात का रे? त्यांची दारं उघडी असतात. वस्तूबरोबर कोण आत येईल, सांगता येतं?"

"केबल आहे गं, सून नाही," सर आतून ओरडले. "येऊ दे त्याला."

मेंगने केबल जोडल्या. एक डाव्या बाजूची, एक उजव्या. सरांनी त्यांची नेहमीची रेकॉर्ड लावली. जुन्या नाटकातली एक गाणारी बाई आणि साथीला नुसतं एक तंतुवाद्य. ही रेकॉर्ड म्हणजे सरांची फूटपट्टी. सगळं नीट जुळलं असलं की दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरीखाली, ती बाई उभी असल्यासारखी वाटते. त्या संध्याकाळी ती तिथेच उभी होती. सर म्हणाले, "थोडी अवघडलीय. नवीन आहे. शिजेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंगचा फोन वाजला.

"मेंग, डावी बाजू बंद झालीय."

"म्हणजे सर? वाजतच नाही?"

"वाजते रे. पण कापूस कोंबल्यासारखी. बाई उजवीकडे सरकून बसलीय. आणि डावीकडून एक बारीक शिटी येते."

मेंग तेव्हा कॉफीचा घोट घेत होता. त्याने विचार केला नाही, ऐकायला गेला नाही, कप खालीसुद्धा ठेवला नाही. "सर, चांदी आहे. तांब्यापेक्षा हट्टी. तीनशे तास शिजू द्या. काढून बघू नका हं, नाहीतर पहिल्यापासून सुरू." सर म्हणाले, "मला शिकवतोस?" आणि खूश होऊन फोन ठेवला.

पहिल्या रविवारी तिघे जमले. खिडक्या बंद होत्या, धुराचा वास तरीही आत होता. सर त्यांच्या खुर्चीत बसले, बाई गाऊ लागली.

मेंगने कान दिला. बाई तसबिरीखाली बरोबर मध्ये उभी होती, एका बोटाचाही फरक नव्हता. डावी बाजू स्वच्छ होती आणि शिटी तर औषधालाही नव्हती. त्याला वाटलं, आपणच बावळट. सरांना ऐकू येतं ते आपल्याला येत नाही, हे काय आजचं आहे का?

"ऐकलंत?" सर डोळे मिटूनच म्हणाले. "डावी अजून बंद."

"हो सर, बंदच की," याप लगेच म्हणाला. "अगदी माझ्या सासूच्या तोंडासारखी. म्हणजे, ते बंद असतं तर बरं झालं असतं."

"आणि शिटी?"

लाऊने भुवया उंचावून थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. "आहे सर. बारीक आहे, पण आहे."

"मेंग?"

मेंगने यापकडे पाहिलं, लाऊकडे पाहिलं. दोघांना ऐकू येते म्हणजे असणारच. आणि शिजायची आहे असं सांगितलं होतंच की आपण. "आहे सर," तो म्हणाला. "शिजली की जाईल."

अशा तऱ्हेने एका म्हाताऱ्याच्या डोक्यात वाजणारी शिटी तीन धडधाकट माणसांनी शपथेवर ऐकली. मला आजही या गोष्टीचा विचार आला की अंगावर काटा येतो. सिमो चहा घेऊन आली तेव्हा सर डाव्या कानाची पाळी ओढत होते. "कानाला धुराने दडा बसलाय," ती म्हणाली. "रात्री गरम तेल घालते म्हटलं तर ऐकत नाहीत. टीव्ही तर असा लावतात की शेजारचं पोर रडतं." सगळे हसले. डॉक्टर म्हणवणारा लाऊही हसला, पण त्याचं राज्य दातांपुरतं.

दोन दिवसांनी मेंगला सर बाजाराच्या रस्त्यावर दिसले. पाठमोरे, हातात संत्र्यांची पिशवी. त्याने डाव्या अंगाने मागून हाक मारली, "सर!" सर चालत राहिले. पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्याने. संत्री विकणारी बाईसुद्धा वळली, सर काही वळले नाहीत. पुढे जाऊन त्याने गाठलं तेव्हा सर दचकले आणि मग हसले.

"अरे तू! हाक मारत होतास?"

"केव्हाचा! मला वाटलं सर आता आम्हाला ओळख दाखवत नाहीत."

"सातवा महिना आहे," सर म्हणाले. "मागून कुणी हाक मारली तर वळायचं नसतं, लहानपणी शिकवलं नाही तुझ्या आईने? काय माहीत कोण हाक मारतंय." मेंग मनापासून हसला. वळताना सरांचा तोल जरासा गेला आणि त्यांनी खांबाला हात लावला, हे त्याने पाहिलं; पण त्या धुरात कुणाला गरगरत नव्हतं?

मग त्याच आठवड्यात, एका दुपारी, सर मेंगच्या दुकानाखालच्या कॉफीच्या दुकानात आले. मेंग खाली उतरला आणि त्यांच्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसला. सरांनी त्याला उठवून उजव्या हाताला बसवलं. "तिकडे पंखा आहे," ते म्हणाले. पंखा बंद होता. मेंगने तो बंद पंखा पाहिला.

"केबलचा एक चमत्कार सांगू तुला?" सर पुढे वाकून म्हणाले. "ती शिटी आहे ना, ती आता माझ्याबरोबर येते. घर सोडलं तरी. आत्ता इथेसुद्धा आहे. चांदीचा आवाज इतका दाट असतो की तो कानावर छापला जातो. तुला कुणी सांगितलं होतं असं?"

"नाही सर," मेंग म्हणाला.

"यंत्र बंद केलं तरी येते. काल रात्रभर होती."

आजूबाजूला कपांचा खळखळाट, कुणीतरी पावाला नारळाचं गोड लावत होतं, आणि समोर त्याचे सर मोठ्या कौतुकाने सांगत होते की त्यांच्या कानात काहीतरी मरतंय. मेंगला सगळं एकदम कळलं: बाईचं उजवीकडे सरकणं, मागून मारलेली हाक, बंद पंखा. केबलला काहीही झालेलं नव्हतं. केबल पहिल्या दिवसापासून ठीक होती आणि हे त्याला पहिल्या रविवारपासून ऐकू येत होतं.

बोलायला हवं होतं. तिथेच, त्या टेबलावर. "सर, उठा, दवाखान्यात जाऊ," एवढं म्हणायला काय लागतं? पण मेंगच्या जिभेवर वेगळंच ओझं येऊन बसलं. केबल कुणी विकली? त्याने. आता तोच दुकानदार म्हणणार का, की माल चोख आहे, बिघाड तुमच्यात आहे? असं बोलणाऱ्या दुकानदाराला काय म्हणतात, ते त्याला चांगलं माहीत होतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट: मग शिटी ऐकली कशी, असं सरांनी विचारलं तर? भीड भिकेची बहीण म्हणतात. मेंगने ठरवलं, रविवारी बोलू, सगळ्यांसमोर, बेताबेताने.

रविवार आला. मेंग घरून वाक्य पाठ करून आला होता. सर खुर्चीत बसले आणि रेकॉर्ड लावायच्या आधीच हसत म्हणाले, "काल मला क्वालालंपूरच्या त्या व्यापाऱ्याची आठवण झाली. आठवतो? फुटका स्पीकर दिला आणि मला म्हणतो, साहेब, वय झालं, कान तपासून घ्या."

"सरांनी त्याला जिन्यावरून खाली घातला होता!" यापने मांडीवर थाप मारली.

"खाली नाही घातला. फक्त म्हटलं, विकणारा जेव्हा घेणाऱ्याच्या कानाला नाव ठेवतो ना, तेव्हा त्याच्या मालात किडे असतात." सरांनी मेंगकडे मायेने पाहिलं. "आमचा मेंग तसा नाही. आमचा मेंग म्हणतो, शिजू द्या. धीराचा माणूस."

मेंगने पाठ केलेलं वाक्य सोडून दिलं आणि उठून सुई टेकवली. बाई गाऊ लागली. ती बरोबर मध्ये उभी होती. "आज आणखी सरकली," सर हळू आवाजात म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं. "पार कडेला गेली. मेंग, होईल ना रे हे बरं?"

मला वाटतं, त्या क्षणी सरांनाही ठाऊक होतं. माणसाला स्वतःच्या देहाचं ठाऊक नसतं असं नाही. फक्त कुणीतरी दुसऱ्याने आधी म्हणावं एवढीच त्याची वाट असते. सर केबलबद्दल विचारत नव्हते. मेंगला ते समजलं, आणि समजूनही तो म्हणाला, "होईल सर. थोडं राहिलंय."

तो आठवडा मेंगला झोप आली नाही. दुकानात एक तरुण जोडपं नव्या केबलची तक्रार घेऊन आलं, तर शिजू द्या म्हणायलाही त्याची जीभ रेटेना; त्याने मुकाट्याने वस्तू परत घेतली. दोनदा त्याने सरांच्या घरी फोन लावला. दोन्ही वेळा सिमोने उचलला, म्हणाली, "बोल जरा मोठ्याने त्यांच्याशी, हल्ली चिडचिड करतात," आणि दोन्ही वेळा त्याने केबलचीच चौकशी केली.

पुढच्या रविवारी धूर इतका होता की दुपारी चारला दिवे लावावे लागले. चहा झाल्यावर सर उठले. महिना संपायच्या आत फाटकाशी कागद जाळायचे होते, पितरांसाठी आणि ज्यांना कुणी नाही अशांसाठी. सिमो ताट घेऊन पुढे गेली, सर भिंतीला हात लावत मागून गेले. त्या हाताकडे पाहताना मेंगच्या मनाने एकदाचा कौल दिला. तो उठला, यंत्रांच्या मागे गेला आणि केबल उपसू लागला.

"ए, काय करतोस?" याप ओरडला. "वेडा झालास? शिजत आलेलं भांडं सांडतोस?"

"डावी उजवीकडे लावतोय आणि उजवी डावीकडे," मेंग म्हणाला. "केबल वाईट असेल तर आता उजवी बाजू बंद होईल. साधी गोष्ट आहे. शाळेतल्या पोराने केली असती."

"सरांना कळलं तर?"

"कळायलाच हवं ना!"

लाऊचा चेहरा उतरला होता. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि अगदी हळू विचारलं, "मेंग, तुला शिटी ऐकू आली होती?"

"नाही. तुला?"

"नाही," लाऊ म्हणाला.

दोघांनी यापकडे पाहिलं. "मला कशी ऐकू येईल?" याप रडकुंडीला येऊन म्हणाला. "मला तर तुमचं बोलणंही अर्धं ऐकू येतं. तुम्ही दोघं हो म्हणालात म्हणून मी…" पण पहिला हो यापचाच होता, हे त्याला कुणी सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग होता?

सर परत आले. त्यांच्या सदऱ्याला जळक्या कागदाचा वास होता. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले, मेंगने सुई टेकवली. बाई गायली, त्याच जागी उभी राहून. तिघे सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मेंग मनातल्या मनात सगळ्या देवांना विनवत होता की सरांनी फक्त एकदा म्हणावं, आज उजवी बंद आहे. एकदा म्हणाले तर मी दुकान बंद करीन, केबल फुकट देईन, वाट्टेल ते करीन.

"डावी," सर म्हणाले. "डावी अजून बंदच."

"हो सर," याप सवयीने म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"सर," मेंग म्हणाला, "मी केबल बदलल्यात. डावी होती ती आता उजवीकडे आहे."

सरांनी डोळे उघडले. आधी हेडमास्तर जागा झाला. "कुणाला विचारून? इतके दिवस शिजवलेलं! हात लावायचा नाही हे तूच सांगितलंस ना?" ते खुर्चीतून अर्धे उठले, आणि तसेच थांबले. त्यांनी उजवीकडच्या स्पीकरकडे पाहिलं, डावीकडच्याकडे पाहिलं. गणित सोडवणाऱ्या मुलासारखे त्यांचे ओठ हलले. मग ते सावकाश खाली बसले.

त्यांनी उजव्या कानात बोट घातलं, घट्ट.

"याप," ते म्हणाले, "बोल काहीतरी."

"काय बोलू सर? सर, मी बोलतोय. सर…"

"बोल ना रे."

"बोलतोय सर!" यापच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "ओरडतोय सर!" शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. सिमो स्वयंपाकघरातून धावत आली. सर यापच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होते, आणि त्यांच्या कानात दुसऱ्या कुणी कधी न ऐकलेल्या त्या शिटीखेरीज काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेंग त्यांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेला. कानांची डॉक्टर तरुण मुलगी होती. सरांच्या कानावर यंत्र लावून, काचेच्या खोलीत बसवून, पुन्हा पुन्हा तपासून ती बाहेर आली.

"हे एकाएकी झालं ना? सकाळी उठलात आणि एक कान गेला?"

"हो," सर म्हणाले.

"अशा वेळी आम्ही लगेच औषध सुरू करतो. पहिल्या आठवड्यात आलात की बऱ्याच जणांचं ऐकणं परत येतं, पुष्कळसं तरी. मग दिवसागणिक आशा कमी होत जाते." तिने कागदाकडे पाहिलं. "इतके दिवस काय करत होतात तुम्ही?"

"शिजवत होतो," सर म्हणाले.

तिला अर्थातच काही कळलं नाही. ती म्हणाली, "आता औषध देऊन बघते, पण फार आशा ठेवू नका. आणि ती शिटी राहील. ती बाहेरून येत नाही, कानच ती तयार करतो. दुसऱ्या कुणाला ती ऐकू येणं शक्य नाही."

मेंग भिंतीकडे बघत उभा होता. सरांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मग आता करायचं काय?" त्यांनी विचारलं.

"वाट बघायची," ती म्हणाली.

परतताना सरांनी किल्ली मेंगला दिली नाही. "गाडी माझी आहे. डोळे शाबूत आहेत," ते म्हणाले आणि चाकाशी बसले. मेंग शेजारी, त्यांच्या डाव्या हाताला. रस्त्यावर धूर साचला होता, समोरच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. मग सर समोर बघत म्हणाले, "ती पोरगी म्हणाली, शिटी दुसऱ्या कुणाला ऐकू येणं शक्य नाही. मग तुम्हाला कशी ऐकू आली रे?"

मेंगला हीच भीती होती, आणि ती अशी समोर येऊन बसल्यावर त्याला जवळजवळ सुटल्यासारखं वाटलं. त्याने सगळं सांगितलं. पहिल्या रविवारी बाई बरोबर मध्ये उभी होती ते सांगितलं, शिटी नव्हतीच ते सांगितलं, कॉफीच्या दुकानात कळूनही आपण गप्प बसलो, भ्यालो, हेही सांगितलं. "मला क्षमा करा सर," तो म्हणाला.

सर रस्त्याकडे बघत होते. चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "विचारलं त्याचं उत्तर देत नाहीस?"

मेंगच्या लक्षात आलं, तो कुठल्या बाजूला बसला आहे.

त्याने सरांच्या बाजूला झुकून पुन्हा तोंड उघडलं, पण आता शब्द येईनात. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला दुप्पट छाती लागते. तो नुसताच मान हलवू लागला.

"मान हलवू नकोस," सर म्हणाले. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. "माना पुष्कळ हलवल्यात तुम्ही. उतर. या बाजूने येऊन बोल."

मेंग उतरला. गाडीला वळसा घालून तो सरांच्या खिडकीशी आला. धुराने डोळे चुरचुरत होते. सरांनी काच खाली केली आणि उजवा कान त्याच्याकडे केला, चेहरा नाही. वर्गात उत्तर द्यायला उभं राहावं तसा, हात बाजूला सोडून, तो रस्त्यात उभा राहिला.

"नव्हती ऐकू आली सर," तो म्हणाला. "कुणालाच नाही. पहिल्या दिवसापासून नाही. केबल ठीक होती, हे मला माहीत होतं."

सरांनी हे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मान हलवली, एकदाच, आणि काच वर केली.

गाडी हलली तेव्हा मेंगला वाटलं, पुढे घेऊन थांबवतील. "सर!" त्याने हाक मारली. मग धावत, धुरात, पुन्हा, "सर! सर!" गाडीचे मागचे दिवे आधी तांबडे दिसले, मग नुसतेच डाग, मग तेही नाहीत. सातव्या महिन्यात मागून आलेल्या हाकेला वळायचं नसतं, आणि सर वळले नाहीत.